आंबूयाची वही

शुक्रवार, २ ऑगस्ट २०२४. कटेटे जिल्हा, झांबिया

पहाटे लुसाका सोडलं. ग्रेट ईस्ट रोडने जवळजवळ पाचशे किलोमीटर, वाटेत लुआंग्वा नदीचा पूल, आणि डांबरी रस्ता सुटल्यावर दीड तास लाल फुफाटा. मुंबईहून निघाल्यापासून अंग टेकलेलं नाही, पाय सुजलेत, पण झोप येत नाही म्हणून विजेरीच्या उजेडात लिहितेय. करिबा धरणात पाणी उरलं नाही म्हणून लुसाकात तासन्‌तास वीज जाते. या गावात तर तारच आलेली नाही.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना मक्याची ताटं वाळून उभी होती, माझ्या गुडघ्याएवढी. कणीस धरलंच नाही. फेब्रुवारीत पावसाने दडी मारली आणि २९ तारखेला सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. २२ लाख हेक्टरांवर मका पेरला होता, त्यातला जवळपास १० लाख हेक्टरांवरचा हातचा गेला. गाडीतले तरुण फोटो काढत होते. मला काढवेना. बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. मोहोळ तालुक्यातलं आमचं गाव, आई खडी फोडायला जायची, मी धाकट्याला कडेवर घेऊन सुकडीच्या रांगेत. मिलोच्या लाल भाकरीचा वास अजून नाकात आहे. तशी शेतं मी पाहिलेली आहेत.

आम्ही नऊ जण आहोत, नाशिक, पुणे आणि अहिल्यानगरचे. चर्चच्या सेवाकार्यासाठी आलोय, दहा दिवसांसाठी. दोघा-तिघांना एकेका घरी ठेवलंय. मी आणि नगरची एक तरुण शिक्षिका ज्यांच्या घरी उतरलो त्या बाई सत्तरीच्या असतील. गाव त्यांना ‘आंबूया’ म्हणतं, म्हणजे आजी. आम्हीही तेच म्हणायचं ठरलं. दारात आल्याबरोबर त्या गुडघ्यात वाकल्या आणि ओंजळीसारखे हात करून हलक्या टाळ्या वाजवल्या. इथे मान देण्याची ही रीत. मग ‘मुली ब्वांजी?’, कशा आहात. ‘न्दिली ब्विनो’ एवढं उत्तर मी पाठ करून आले होते. ते ऐकून त्यांनी माझे दोन्ही हात धरले ते बराच वेळ सोडले नाहीत.

शनिवार, ३ ऑगस्ट

कालच्या जेवणाचं लिहायचं राहिलं, आणि तेच डोक्यातून जात नाही.

आंबूयांच्या नातीने तांब्या आणि पसरट भांडं आणलं, आमच्या हातांवर पाणी घातलं. मग न्शिमा आली, मक्याच्या पिठाची पांढरी, घट्ट उकड. ती उजव्या हाताने मोडायची, तळव्यात वळायची आणि कोरड्यासात बुडवून खायची. एका वाटीत भोपळ्याच्या पानांची भाजी, शेंगदाण्याचं कूट घालून, अगदी आपल्या सोलापूरकडच्यासारखी दाट. दुसऱ्या वाटीत कोंबडी. दुपारी अंगणात मी दोन कोंबड्या मोजल्या होत्या. संध्याकाळी एकच होती.

शिक्षिकेने हळूच माझ्याकडे पाहिलं आणि ‘पोट बरं नाही’ असं खुणेने सांगून ताट बाजूला केलं. तिचा हेतू मला कळला. त्यांच्या तोंडचा घास आपण का खायचा? पिशवीत आपले थेपले आहेत, शेंगांची चटणी आहे. मी तिच्या वयाची असते तर हेच केलं असतं. पण त्याच वेळी मी आंबूयांचा चेहरा पाहिला. त्या काही बोलल्या नाहीत. नातीला म्हणाल्या असाव्यात की पाहुणीला काहीतरी दुसरं कर, कारण ती लगेच उठून चुलीकडे गेली. घरात दुसरं काही नव्हतं, हे मला नंतर कळलं.

निघण्याआधी नाशिकला प्रार्थनेत पाळकसाहेबांनी लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय घेतला होता. प्रभू सत्तर जणांना दोघादोघांनी पुढे पाठवतो. सांगतो, पिशवी घेऊ नका, ज्या घरी उतराल तिथेच राहा, ते जे वाढतील ते खा. लहानपणापासून हा भाग ऐकत आले, आणि त्यातली अवघड आज्ञा पिशवी न घेण्याची आहे असंच मला वाटायचं. खाण्याची आज्ञा किती जड असू शकते ते काल कळलं. उपाशी घरातला घास घशाखाली उतरवायचा, आणि ज्याने दिला त्याच्या ऋणात त्याच्या डोळ्यांसमोर बसायचं.

मी खाल्लं. सगळं खाल्लं. सकाळी शिक्षिकेला हे सांगितलं तेव्हा ती रडली, आणि उठून आंबूयांबरोबर चुलीशी जाऊन बसली. आज दुपारी तिने त्यांच्या हाताखाली न्शिमा घोटली. ते घोटणं सोपं नाही, मनगट भरून येतं. आमच्या जेवणाचे पैसे इथल्या चर्चच्या मंडळीकडे आधीच दिलेले आहेत आणि त्यातून पिठाची गोणीही आली आहे, पण कोंबडी त्यांची स्वतःची होती.

रविवार, ४ ऑगस्ट

उपासना तीन तास चालली. गाणी पुस्तकाशिवाय, चार आवाजांत, वाद्य एकही नाही. इतकं शुद्ध गायन मी कुठल्या मोठ्या चर्चमध्येही ऐकलेलं नाही.

नंतर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही भारतात कुठल्या? नाशिक म्हटल्यावर त्यांना काही उमगलं नाही. मग मी जेकब वेनराइटचं नाव घेतलं आणि ते ताठ बसले. मिशनरी आणि प्रवासी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजी याच देशात, चितांबोच्या गावात वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचं काळीज एका झाडाखाली पुरलं आणि देह वाळवून, बांधून, महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत नेला. पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर अक्षरं कोरली ती जेकबने. गुलामांच्या व्यापारातून सुटलेला हा मुलगा आमच्या नाशकात, शरणपूरच्या मिशनमध्ये शिकला होता. मी आज राहते तिथून शरणपूर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. याच प्रवासातला चुमाही काही काळ मुंबईत शाळेत होता.

त्या गृहस्थांना चुमा आणि सुसी हे लिव्हिंग्स्टनचे सोबती ठाऊक होते, शाळेत शिकवतात म्हणे. जेकब नाशकात शिकला हे मात्र नवं होतं. त्यांनी ते उभं राहून सगळ्या मंडळीला सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याच ओंजळीच्या, हलक्या. आपण आफ्रिकेत मिशनरी पाठवतो असं म्हणतो, पण इथे सुवार्ता वाहून आणणाऱ्यांत आफ्रिकेचीच लेकरं आधीपासून होती, हे आपल्या मंडळ्यांत फारसं कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

मंगळवार, ६ ऑगस्ट

आज माझ्या हातून चूक झाली. लिहून ठेवते.

आरोग्य केंद्राच्या अंगणात आंब्याखाली तपासणी होती. तिथल्या नर्सबाई, ज्यांना सगळे सिस्टर म्हणतात, त्यांच्या देखरेखीखाली आम्ही रक्तदाब, वजन आणि मुलांच्या दंडांचा घेर मोजत होतो. मुलांच्या दंडाची पट्टी तीनदा लाल रंगावर आली, म्हणजे तीव्र कुपोषण. त्या तिघांना सिस्टरनी लगेच आत घेतलं.

रांगेत आंबूयाही होत्या. दाब १९० वर ११०. मी पुन्हा मोजला, तोच. डोकं दुखतं का विचारलं तर हो, कितीतरी महिने. चौतीस वर्षं मी वॉर्डात काढली आहेत, हा आकडा काय करतो ते मला माहीत आहे. आणि ज्या बाईने मला आपली कोंबडी कापून घातली तिचा तो आकडा होता. आमच्या डॉक्टरांच्या पेटीतून मी अम्लोडिपीन या रक्तदाबाच्या गोळीच्या महिनाभर पुरतील एवढ्या पट्ट्या काढल्या आणि त्यांच्या हातात ठेवल्या.

सिस्टर उठून आल्या. आवाज चढवला नाही. आंबूयांच्या हातातून पट्ट्या घेतल्या आणि मला इंग्रजीत विचारलं, “दुसऱ्या महिन्याच्या कोण देणार?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी समजावलं. बाहेरचे लोक येतात, गोळ्या वाटतात, जातात. म्हातारी माणसं महिनाभर घेतात, बरं वाटतं, गोळ्या संपतात. सरकारी गोळी वेगळ्या रंगाची असते म्हणून ती नको म्हणतात, पाहुण्यांच्या गोळीची वाट पाहत बसतात. गेल्या वर्षी असं एक माणूस त्यांच्या केंद्राच्या दारात पक्षाघाताने पडलं. “गोळ्या मी देईन,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वहीत लिहा.”

इथे प्रत्येक रोगी आपली शाळेची वही घेऊन येतो, तोच त्याचा केसपेपर. आंबूयांची वही निळ्या पुठ्ठ्याची, कडा उंदराने कुरतडलेल्या. मी तारीख घातली, दाब लिहिला, खाली सही केली. गोळी सिस्टरनी आपल्या कपाटातून दिली, पुढची तारीख सांगितली आणि आंबूयांकडून ती तीनदा म्हणवून घेतली. आमची सगळी पेटी संध्याकाळी जिल्हा आरोग्य कार्यालयाच्या नोंदीने केंद्राकडे जमा केली. ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

आम्ही दहा दिवसांचे. ही सिस्टर बारा महिन्यांची, पावसाळ्यात चिखलातून आणि उन्हाळ्यात सायकलवरून. आमच्यासारख्यांनी इथे यावं का, तर यावं. पण तिने बोलावलं तर, आणि तिच्या हाताखाली.

गुरुवार, ८ ऑगस्ट

शाळेच्या भिंतींना रंग देऊन झाला. ते काम गावातल्या पोरांनी आमच्याहून चांगलं केलं असतं, मजुरीही त्यांना मिळाली असती. हे मी आमच्या प्रमुखांना सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं.

आजचा खरा दिवस हापशाचा. गावातला एक हापसा तीन आठवडे बंद होता, बायका दुसऱ्या वस्तीवरून पाणी आणत होत्या. दुरुस्तीला आल्या त्या या भागाच्या पंप मेंडर, चाळिशीच्या बाई, पाठीला चितेंगेत, म्हणजे इथल्या बायका गुंडाळतात त्या छापील कापडात, बांधलेलं बाळ. त्यांनी बाळ शिक्षिकेकडे दिलं आणि कामाला लागल्या. एकेक पाइप दहा फुटांचा. चिमटा लावायचा, सहा जणांनी उचलायचा, आटे सोडवायचे, बाजूला ठेवायचा. असे अकरा पाइप. आमच्यातले इंजिनियर त्या सांगतील तिथे पान्हा धरत होते. शेवटी सिलिंडर वर आलं. आतले वॉशर झिजून कागदासारखे झालेले, आणि एका पाइपला गंजून करंगळी जाईल एवढं भोक.

मी विचारलं, हा कुठला पंप? “इंडिया मार्क टू.”

हा हापसा मी जन्मभर ओळखते. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडच्या खेड्यांत बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप मोडून पडायचे, कारण ते एका कुटुंबापुरते बनवलेले आणि त्यावर अख्खं गाव दिवसभर हापसायचं. तेव्हा जालन्यात आणि सोलापुरात मिशनच्या लोकांनी पोलादाचा, गावाला पुरेल असा पंप घडवला. सोलापूरच्या त्या पंपावरूनच पुढे युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू झाला. आमच्या गावात तो आला तेव्हा माझी आई पहिल्या धारेखाली हात धरून नुसती उभी राहिली होती.

हे मी मेंडरबाईंना सांगितलं, दुभाष्याने उलगडून सांगितलं. त्यांनी माझा हात धरून दांड्यावर ठेवला. तीस-चाळीस वेळा हापसलं, नुसती हवा. मग आतून घरघर आली, गढूळ पाणी, आणि मग स्वच्छ. आंबूया पुढे झाल्या, ओंजळीत घेतलं आणि आधी माझ्या तोंडाला लावलं.

रविवार, ११ ऑगस्ट

निघालो. आंबूयांनी चितेंगेच्या टोकाला शेंगदाणे बांधून दिले, मूठ-दोन मुठी. हे त्यांच्या बियाण्यातले असणार. मी घेतले. ‘झिकोमो’ म्हटलं, आणि गुडघ्यात वाकून ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या. या वेळी कुणी सांगावं लागलं नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर. नाशिक

सकाळी फोनवर सिस्टरचा फोटो आला. निळ्या पुठ्ठ्याची वही उघडी धरलेली. वर माझं अक्षर, १९०/११०. त्याखाली दुसऱ्या अक्षरात १६४/१००. त्याखाली या आठवड्याची तारीख आणि १४८/९०. पानाच्या कोपऱ्यात वही धरलेला आंबूयांचा अंगठा दिसतोय, नखात माती आहे.