बजेट किती, हा प्रश्न दुसरा

स्पीकर घ्यायचेत असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, बजेट किती? बाबा रे, तू कुठलं संगीत ऐकतोस, हे कुणी चुकूनही विचारत नाही. माझ्या मते तो प्रश्न आधी यायला हवा. पैशाचा आणि आवाजाचा संबंध सुरवातीला अगदी घट्ट असतो, पाच हजारांच्या जोडीवरून चाळीसवर गेलात तर शेजारच्या काकूंनाही फरक कळतो, चाळीसवरून दीड लाखावर गेलात तर निदान तुम्हाला कळतो, आणि त्याच्याही वर तो बऱ्याचदा फक्त विकणाऱ्याला कळतो. (खवचटपणा आहे, पण असो.)

दुकानात गेलो की मी तंबोरा लावायला सांगतो. सेल्समन जरा हिरमुसतो, कारण त्याच्याकडे डेमोसाठी एक ठरलेलं गिटार आणि एक ठरलेली हळू आवाजात गाणारी बाई असते, आणि ते दोन्ही कुठल्याही स्पीकरवर छानच वाजतात. तंबोरा तसा सोडत नाही. काळी एकमध्ये (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गाणारा पुरुष गायक धरला तर त्याच्या खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या तारेचा मूळ स्वर साधारण ६९ हर्ट्झचा, आणि चार इंची वूफरवाले (वूफर म्हणजे खालचे स्वर वाजवणारा भाग) छोटे बुकशेल्फ स्पीकर नेमके तिथेच दम टाकायला लागतात. खर्ज ऐकू येतो, नाही असं नाही, पण वरच्या स्वरांवरून आपला मेंदूच तो जुळवून घेत असतो. डग्ग्याचा घुमारा लावा म्हणजे तर उरलासुरला संशयही फिटतो.

पण मग तळ कमी म्हणजे स्पीकर वाईट, असं म्हणावं तर तेही खरं नाही. बीबीसीने सत्तरच्या दशकात एलएस३/५ए नावाचा छोटा मॉनिटर, म्हणजे ध्वनी तपासून ऐकायचा स्पीकर केला, स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून. खालचा आवाज त्यात बेताचाच, तरी माणसाचा आवाज तो असा काही देतो की लोक अजून त्याच्या जुन्या जोड्यांसाठी भरपूर पैसे मोजतात. उलट यामाहाचा एनएस-१० घ्या, १९७८ साली घरासाठी म्हणून आला, घरात फारसा चालला नाही आणि जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. कारण काय, तर तो कानाला गोड लागत नाही, मिक्समधलं, म्हणजे वाद्यं-आवाज एकत्र जुळवलेल्या रेकॉर्डिंगमधलं खुपणारं सगळं पुढे आणतो, याच्यावर बरं वाजलं तर कुठेही बरं वाजेल असा हिशोब. आता यातला चांगला कुठला, सांगा!

शिवाय आपले कान आपल्याला वाटतात तेवढे स्वतंत्र नसतात. हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी कंपनीच्याच ४० माणसांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले आणि एकदा समोर ठेवून, १९९४ साली त्यावर पेपरही आला. पडद्याआड बऱ्यापैकी मार्क मिळवणारा छोटासा स्वस्त प्लास्टिकचा सेट समोर दिसल्याबरोबर घसरला आणि मोठे देखणे स्पीकर वर चढले. आणि ही माणसं ध्वनीच्याच धंद्यातली, आपण तर काय, पॉलिश केलेलं लाकूड दिसलं की आपल्याला बेस जास्त ऐकू येतो. तीच गत जोराची, जरासा मोठा वाजणारा स्पीकर कानाला आपोआप सरस वाटतो. त्यामुळे ९० डीबी सेन्सिटिव्हिटीवाला (सेन्सिटिव्हिटी म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो ते) स्पीकर ८६ वाल्याशेजारी व्हॉल्यूमला हात न लावता वाजवला तर निकाल आधीच लागलेला असतो. दुकानात दोघांचा आवाज सारखा करायला मी व्हॉल्यूमचा नॉब स्वतः फिरवून घेतो, लोक चमत्कारिक बघतात, बघूदेत.

आणि खोली, तिचं तर कुणी नावच काढत नाही. बारा फूट लांबीच्या हॉलमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपास एक घूं बसलेलंच असतं, ते लाखाच्या स्पीकरनेही जात नाही, उलट लाखाचा स्पीकर तेवढं खाली जास्त जोरात वाजतो म्हणून वाढतंच. आपल्याकडे तर खाली गुळगुळीत टाइल्स, भिंती उघड्या, आणि स्पीकर मागच्या भिंतीला टेकवलेले, कारण मधे ठेवले तर केर काढताना अडचण होते. जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांचं कपाट यांनी निदान वरचा खणखणाट तरी कमी होतो. वायरींच्या किमतींबद्दल मी बोलत नाही, भांडणं होतात.

माझा एक मित्र आहे, दिवसभर मेटल, म्हणजे दणदणीत रॉक ऐकणारा. त्याला ड्रमच्या सिंबलचा छण्णकन तडाखा हवा, मला तो दहा मिनिटांत डोकं उठवतो. माझ्याकडे आला की म्हणतो, तुझे स्पीकर गोधडीत तोंड घालून गातात रे. किंमत दोघांच्याही जोडीची जवळजवळ सारखी. एकदा त्याला म्हटलं, चल महिनाभर बदलून बघू, तर म्हणाला नको, तुझे ठेवायला माझ्याकडे जागा नाही. एवढेसे तर आहेत!