आमची वाटचाल: बाटलीपासून गव्हाणीपर्यंत

वासरांच्या खाद्याचा धंदा काढायचा असं काही ठरलं नव्हतं. आमची एक गाय व्याली आणि तिसऱ्या दिवशी गेली. कालवडीला चीक वेळेवर मिळाला होता, तेवढंच तिचं नशीब. पुढे बाटली, निपल आणि मी.

बाटलीचं मला लवकर जमलं. दूध अंगाच्या उबेइतकं कोमट हवं आणि कालवडीची मान गाईच्या कासेकडे वळल्यासारखी थोडी वर हवी, हे दोन दिवसांत कळलं. अडचण दोन महिन्यांनी आली. गव्हाणीत चारा होता, खुराक होता, पण बाई फक्त दावं चाटायच्या. दावं, लोखंडी खांब, माझ्या ओढणीचं टोक, सगळं चाटून व्हायचं. खाण्याला मात्र तोंड नाही. सासरे म्हणाले, "दूध बंद कर, भूक लागली की खाईल." मी बंद केलं. पाचव्या दिवशी तिच्या बरगड्या दिसायला लागल्या.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी कुठे आहे?" पाणी आम्ही ठेवलंच नव्हतं. दूध पितेय की, मग वेगळं पाणी कशाला, असा आमचा हिशोब.

त्या अर्ध्या तासात त्यांनी जे सांगितलं, त्यावर आमचा कारखाना उभा आहे. गुराच्या पोटाला चार कप्पे. वासरू चोखून दूध पितं तेव्हा अन्ननलिकेच्या तळाशी एक खोबण मिटते आणि दूध पहिल्या कप्प्याला, म्हणजे कोठीपोटाला, वळसा घालून थेट चौथ्यात उतरतं. त्यामुळे नुसत्या दुधावर वासरू वाढतं, पण कोठीपोट रिकामंच राहतं. दाणा तिथे पोचला, प्यायलेलं पाणी तिथे साचलं, की जिवाणू दाणा आंबवतात. त्यातून जी आम्लं तयार होतात, त्यांच्यामुळे कोठीपोटाच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक अंकुर वाढतात. पुढे आयुष्यभर अन्न शोषायचं काम त्या अंकुरांचं. वासराने बऱ्यापैकी खायला लागल्यापासून ही तयारी व्हायला साधारण 3 आठवडे लागतात. आम्ही मात्र दूध आधी तोडलं होतं आणि पोट तयार व्हायची वाट नंतर बघत होतो.

बाटली परत सुरू केली. शेजारी पाण्याची बादली आली. आणि मी खुराक करायला बसले.

पहिला खुराक मी पिठासारखा दळून आणला. लहान जीव, बारीक खाईल, असं वाटलं. तिने नाक घातलं, शिंकली आणि नाकावर लगदा घेऊन माझ्याकडे बघत राहिली. मग मका जाडसर भरडला. त्यात सोयाबीन पेंड, गव्हाचा कोंडा, क्षार मिश्रण, चिमूटभर मीठ आणि धूळ बसेल एवढीच मळी. बाटली संपली तरी वासरू चोखतच असतं. त्या घाईत बोट तोंडाच्या कडेने आत घालायचं आणि बोटाबरोबर चिमूटभर भरडा जिभेवर ठेवायचा. निम्मा ती थुंकायची. चौथ्या दिवशी तिने माझं बोट सोडून तळहात चाटला. आठवडाभरात वाटीत तोंड घातलं.

शेजारच्या गोठ्यातून निरोप आला, "ते तुमचं वासराचं खाद्य थोडं द्या." मग त्यांच्या पाहुण्यांचा. धंद्याची सुरुवात ती एवढीच. घमेल्यात कालवायचं काम मिक्सरवर गेलं, पोती शिवायचं यंत्र आलं, मदतीला दोघी आल्या. प्रथिनं 18 ते 20 टक्क्यांच्या मध्ये राहतील असं प्रमाण बसवून घेतलं. युरिया कुठल्याच मिश्रणात नाही. ज्याचं कोठीपोटच तयार नाही, त्या वासराला युरिया म्हणजे विष. मधे एक वर्ष वासरांची दूध पावडरही विकून पाहिली, पण गुठळ्या आणि पाण्याच्या उबेच्या तक्रारींनी दिवस जायचा. बंद केली.

एकदा ओलसर पेंड आमच्या गळ्यात मारली गेली. वरून कोरडी दिसली, म्हणून आम्हीही हात आत घालून पाहिला नाही. दहा दिवसांत पोत्यांना वास सुटला. सगळा माल परत आणला. तेव्हापासून मोठं पोतं आम्ही भरतच नाही. वासराचं पहिलं खाणं मुठीच्या मापाने चालतं, मोठं पोतं संपेपर्यंत तळाशी शिळं होतं आणि शिळ्याला वासरू तोंड लावत नाही. गव्हाणीतलं उरलेलंही रोज काढून मोठ्या जनावरांना घालायचं, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच फोनवर सांगतो.

पण खरी चपराक बसली ती आमच्याच छपाईमुळे. पिशवीवर आम्ही ठळक छापलं होतं, 'दोन महिन्यांनी दूध बंद करावे.' एक गिऱ्हाईक पिशवीच घेऊन आलं. त्याच्याकडे एकाच दिवशी जन्मलेल्या दोन कालवडी होत्या. एक गव्हाण साफ करायची, दुसरी वरवर हुंगायची. साठाव्या दिवशी दोघींचं दूध तोडलं. पहिलीला काही फरक पडला नाही, दुसरी खंगत गेली आणि मग हगवण लागली. त्याने आवाज चढवला नाही. त्या ओळीवर बोट ठेवलं आणि गप्प उभा राहिला. माझ्या पोटात गोळा आला, कारण माझ्या पहिल्या कालवडीचं मी हेच केलं होतं आणि आता ते छापून विकत होते.

ओळ बदलली. आता लिहिलंय, 'सलग 3 दिवस रोज 1 किलो खाल्ल्याशिवाय दूध पूर्ण बंद करू नये.' लहान चणीच्या जातींना थोडं कमीही चालतं. आणि तोडायचं ते हळूहळू. दोन वेळची बाटली आधी एक वेळ करायची, आठ-दहा दिवसांनी तीही अर्धी, मग बंद.

ओळ बदलली तरी एक किलो मोजायचा कोणी? 'अंदाजे किलोभर' म्हणजे बहुतेक गोठ्यांत सहाशे ग्रॅम असतं, हे मी स्वतः तोलून पाहिलंय. म्हणून पिशवीत प्लास्टिकचा मग घालायला लागलो, त्यावर 250 ग्रॅमची रेघ. फारच अभिमान होता त्या मगाचा. पुढे भरडा आणखी जाड केला, लोकांना आवडला. दोन महिन्यांनी एका ताईंचा फोन आला, "तुमचा मग खोटं बोलतोय." त्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं होतं, रेघेपर्यंत 210 ग्रॅमच भरत होतं. जाड भरडा जागा जास्त खातो, वजन कमी भरतं. चार मगांना किलो समजून दूध तोडणाऱ्याचा दीडशे ग्रॅमहून जास्त फरक पडत होता. उरलेल्या सगळ्या मगांवर रंगाने नवी रेघ मारत दोन रात्री बसलो. आता भरड बदलली की आमचा मग आधी काट्यावर जातो.

चाऱ्यावरून सासऱ्यांचं आणि माझं अजून पटत नाही. त्यांना वासरापुढे चाऱ्याचा भारा दिसला की बरं वाटतं. वाळलेला मऊ चारा थोडा असावा, माझी ना नाही. त्याने पोट ताणतं, रवंथ लागतो. पण ते अंकुर वाढतात दाण्यावर. नुसत्या चाऱ्यावरचं वासरू पोट सुटून गुबगुबीत दिसतं, पाठीवर हात फिरवला की मणका लागतो. लोक पोट बघतात, मी पाठ चाचपते.

सगळ्यात जास्त फोन येतात दूध तोडण्याच्या आठवड्यात. कोणी त्याच दिवशी शिंगंही डागलेली असतात, कोणी वासरू नव्या जागी बांधलेलं असतं. एका वेळी एकच त्रास, एवढंच सांगते. जागा निदान आठवडाभर तीच ठेवा, पाणी भरलेलं ठेवा.

परवा पहाटे साडेपाचला असाच एक फोन आला. आवाज रडवेला होता.

"ताई, रात्रभर हंबरतंय हो. देऊ का एक बाटली?"

"हंबरू दे. काल किती खाल्लं?"

"मगाने पाच भरले. सगळे संपले."

"पाणी?"

"बादली रिकामी आहे."

"बादली भरा आधी. आणि आत्ता काय करतंय?"

पलीकडे पावलं वाजली, दार करकरलं. थोडा वेळ काहीच नाही.

"तोंड गव्हाणीत आहे. खाता खाता हंबरतंय."