आमची वाटचाल : ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांपासून सस्पेन्शन आर्मपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांनी पहिले लेथ मशीन लावले, तेव्हा हाती येणारे बहुतेक काम ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांचे आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांतून येणाऱ्या बिडाच्या कास्टिंगच्या मशिनिंगचे असे. भाग तुटला तर जाडी वाढवावी, हा त्यांच्या पिढीतील मेस्त्री मंडळींचा शिरस्ता होता आणि बिडाच्या कामात तो सहसा चुकत नसे. कारखाना आमच्याकडे आल्यावर व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार धातू कोरणारे यंत्र, आली, ॲल्युमिनियम जोडण्यासाठी टिग वेल्डिंग आले आणि त्यापाठोपाठ जुन्या गाड्या हौसेने नव्याने बांधणारे ग्राहकही येऊ लागले. आज आमची ओळख या कामामुळे आहे. पण ते आम्हाला येऊ लागले ते आमच्याच हातचा सस्पेन्शनचा एक आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा हलता दांडा, तडकल्यानंतर.

गाडी प्रीमियर पद्मिनी होती. मालकांना पुढच्या सस्पेन्शनचे वरचे आणि खालचे दोन्ही आर्म ॲल्युमिनियमचे हवे होते, कारण ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश असते. आम्ही ६०६१-टी६ या, उष्णता प्रक्रियेने (टी६) कणखर केलेल्या, ॲल्युमिनियम मिश्रधातूची ३२ मिलिमीटर बाह्यव्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची नळी घेतली आणि खालच्या आर्मच्या मध्यावर कॉइलओव्हरचा (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्या एकत्र जोडणीचा) ब्रॅकेट वेल्ड करून दिला. काम देखणे झाले होते. खासगी मैदानावर काही महिने गाडी पळाली आणि नंतर त्या ब्रॅकेटच्या वेल्डला लागूनच केसासारखी चीर दिसली. सुदैवाने ती धुताना दिसली, वळणावर नव्हे.

हिशेब आम्ही त्यानंतर मांडला, जो खरे तर आधी मांडायला हवा होता. पुढच्या एका चाकावर साधारण २५० किलो भार धरला आणि खड्ड्यातील धक्क्यासाठी तो तिप्पट केला, तर ७५० किलो होतात. कॉइलओव्हर आर्मच्या मध्यावर असल्यामुळे त्याच्यावर याच्या दुप्पट, म्हणजे १५०० किलो जोर येतो. ३०० मिलिमीटर लांबीच्या, दोन नळ्यांच्या आर्मला हा जोर मधोमध वाकवतो आणि नळीच्या कडेला सुमारे ३०० मेगापास्कल ताण निर्माण होतो. ६०६१-टी६ची नम्यता मर्यादाच, म्हणजे ज्यापुढे धातू कायमचा वाकतो तो ताण, सुमारे २७६ मेगापास्कल आहे. शिवाय वेल्डच्या उष्णतेने टी६ प्रक्रियेतून आलेला कणखरपणा वेल्डच्या दोन्ही बाजूंच्या जवळपास इंचभर पट्ट्यात उतरतो आणि तेथे ही मर्यादा निम्म्याहूनही खाली जाते. म्हणजे आम्ही सर्वाधिक ताणाच्या जागीच धातू सर्वांत मऊ करून ठेवला होता. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रातील आकडा नळीचा असतो, आर्मचा नव्हे.

मग जाडी का वाढवली नाही, असे वडिलांनी विचारले होते. जाडीने ताण कमी होतो, हे खरे. पण पोलादाला ज्या ताणाखाली भाराचे कितीही फेरे झाले तरी थकवा येत नाही, म्हणजे वारंवारच्या भाराने चीर पडत नाही, अशी एक सीमा असते, तशी ॲल्युमिनियमला नसते. ताण कमी असला तरी फेरे मोजले जातच राहतात. शिवाय ॲल्युमिनियमचा स्थितिस्थापकता गुणांक (धातूचा ताठपणा) पोलादाच्या एक तृतीयांश असल्याने त्याच मापाची नळी तिप्पट लवते. त्यासाठी व्यास वाढवावा लागतो आणि जुन्या गाडीत तेवढी जागा मिळतेच असे नाही.

शेवटी त्या पद्मिनीचा खालचा आर्म आम्ही पोलादी केला व वरचा ६०६१च्या सलग ठोकळ्यातून, वेल्डशिवाय, व्हीएमसीवर कोरला. वरच्या आर्मवर स्प्रिंगचा भार नव्हता. ब्रेकचा हिशेबही वरचा आर्म ॲल्युमिनियमचा ठेवण्याच्याच बाजूने लागला: आर्मला चाकाच्या बाजूने जोडणारे खालचे आणि वरचे बॉल जॉइंट जमिनीपासून अनुक्रमे २०० आणि ४५० मिलिमीटरवर असताना ब्रेकच्या जोराच्या १.८ पट भार खालच्या जॉइंटवर येतो, तर वरच्यावर ०.८ पट आणि तोही उलट दिशेने. वजनाची बचत मालकांना हवी होती त्याहून कमी झाली आणि त्यांनी नाराजी लपवली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या आर्मची, तो कोणीही बनवलेला असो, आधी ब्रिनेल कठीणता (गोळी दाबून मोजलेला कठीणपणा) पाहिली जाते. ६०६१-टी६ असेल तर ती ९५च्या आसपास भरते आणि वेल्डजवळ किती घसरली आहे हेही कळते. नंतर आर्म फिक्स्चरवर बसवून हायड्रॉलिक जॅकने अपेक्षित भाराच्या दीडपट जोर देतो आणि जोर काढल्यावर डायल गेजचा काटा शून्यावर परततो का, ते पाहतो. या चाचणीने थकव्याबद्दल काहीही कळत नाही, हे ग्राहकाला लेखी सांगतो. चिरांसाठी डाय-पेनिट्रंट, म्हणजे चिरेत शिरणाऱ्या रंगाची, तपासणी करतो. रॉड एंडच्या (आर्मच्या टोकाला आट्यांनी बसणाऱ्या सांध्याच्या) आट्यांवर वाकवणारा भार येत असेल, तर पुढची चाचणी न करता काम परत पाठवतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे नोंदणीकृत गाडीत असे बदल मनाजोगते करता येत नाहीत, म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे आर्म आम्ही घेत नाही. प्रत्येक आर्मवर क्रमांक कोरलेला असतो आणि हंगाम संपला की तो तपासणीसाठी परत यावा, अशी अट असते, जी निम्मे ग्राहक पाळतात. बाद झालेला आर्म मात्र आमच्याकडे जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही. तो ग्राहकासमोरच करवतीने कापून भंगारात टाकतो, कारण आम्ही बाद केलेला एक आर्म पॉलिश होऊन दुसऱ्याच गाडीखाली बसलेला आम्ही पाहिला आहे.