गणपतीच्या आधी लागणारा कंदील

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या दाराशी थांबून दरवर्षी कुणी ना कुणी मराठी माणूस म्हणतोच, "अहो, तुमचा आकाशकंदील सप्टेंबरातच कसा? आणि संक्रांत झाली तरी उतरवत नाही?"

तो आकाशकंदील नव्हे. माझ्या सासूचा पारुल आहे. फिलिपिन्समध्ये बहुतेक ठिकाणी पारोल म्हणतात, पण ती पाम्पांगा प्रांतातली, तिकडे पारुल. पाच टोकांची चांदणी. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवतात, तसल्या शिंपल्यांची. सप्टेंबर लागला की तिकडे नाताळचे वेध लागतात आणि इमाच्या हिशेबाने ते जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, बाळ येशूच्या सणाला संपतात. इमा म्हणजे आई. मीही तिला इमाच म्हणायचो.

1974 साली ती नर्स म्हणून जर्सी सिटीला आली. तिकडचं नर्सिंगचं शिक्षण अमेरिकी अमलापासून इंग्रजीतच, आणि 1965 च्या कायद्याने अमेरिकेचं दार आशियातल्या लोकांना उघडलेलं. दीड वर्षाची मुलगी, म्हणजे माझी बायको, बाकोलोर गावी आजीपाशी राहिली. तीन वर्षं. फोन परवडत नसे, म्हणून इमा कॅसेट भरून पाठवायची. त्यातली एक अजून वाजते. बर्फ कसा पडतो, वॉर्डातला म्हातारा काय म्हणाला, हे सगळं सांगून झाल्यावर ती विचारते, "जेवलीस का?" आणि गप्प बसते. नुसती हीटरची घरघर. बऱ्याच वेळाने "शहाणी गं माझी" म्हणते आणि पुढचं सांगू लागते. उत्तरासाठी जागा सोडलेली.

बायको म्हणते, मी खरंच उत्तर द्यायचे.

कॅसेटबरोबर जहाजाने खोकी जायची: साबण, टॉवेल, डबाबंद मांस, चॉकलेटं. बुटांचं माप म्हणून आजी पोरीचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवून पाठवायची. पोर अखेर विमानात बसली तेव्हा आजीने तिच्या मांडीवर हा कंदील दिला.

1991 मध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला. पुढची काही वर्षं प्रत्येक पावसाळ्यात डोंगरावरची राख चिखल होऊन खाली येत राहिली आणि 1995 मध्ये बाकोलोर तिच्याखाली गेलं. चर्च निम्मं गाडलं गेलं, आज लोक पूर्वीच्या खिडक्यांतून आत शिरतात. इमाचं घर तर दिसेनासंच झालं. ती रडली नाही म्हणे. रात्रपाळ्या वाढवून घेतल्या आणि भावाच्या नव्या घरासाठी सिमेंटची पोती मोजत बसली. त्या जुन्या घरातली म्हणावी अशी आता हा कंदील ही एकच वस्तू.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती सुकी मासळी तळत होती. भारतीय जावई येतोय म्हणून ओशाळून खिडक्या उघडायला धावली. मी अलिबागचा! भात मागितला. "मंगान ताना," ती म्हणाली, म्हणजे चला, जेवू या. लग्नाची बोलणी तिथेच संपली असं मी मानतो.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. दर 1 सप्टेंबरला मी शिडीवर चढून कंदील टांगतो आणि बायको खाली ती कॅसेट लावते. "जेवलीस का?" नंतरच्या जागेत ती आता काही बोलत नाही. टेप पुढे मात्र ढकलू देत नाही.