कर्नल पॅनिकचा फोटो वाचताना

जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिलवाल्यांची वजनकाट्याची, बिलिंगची मशीनं मी सांभाळतो, बरीचशी लिनक्सवर चालतात. मशीन बंद पडलं की काट्यावरचा पोरगा आधी मोबाईलने फोटो काढून व्हॉट्सअपवर टाकतो आणि मग फोन करतो, "भाऊ, हाई काय लिखेल शे?" फोटोत काळी स्क्रीन, हेक्स आकड्यांचा चिखल आणि शेवटी 'कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: फेटल एक्सेप्शन'. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, सावरता न येणारी चूक झाली की तो सगळं थांबवतो, ते पॅनिक. या ओळीवरून मला एवढंच कळतं की मशीन मेलं. का मेलं ते वर छापलेलं असतं आणि वरचं कधीच सरकून गेलेलं असतं, कारण पॅनिक झाल्यावर मागे स्क्रोल करून बघायची काही सोय नसते.

माझं म्हणणं साधं आहे, क्रॅशचं आउटपुट त्या फोटो काढणाऱ्या पोराच्या हिशोबाने छापलं पाहिजे. कामाच्या ओळी खरं तर दोनच असतात. एक 'बग: कर्नल नल पॉइंटर डीरेफरन्स, अ‍ॅड्रेस' आणि पुढे भरपूर शून्यं, शेवटी समजा 8. हा 8 बघितला की अंदाज येतो, स्ट्रक्चरचा (डेटाच्या गठ्ठ्याचा) पत्ता रिकामा होता आणि कोड त्याच्या आतलं आठव्या बाइटवरचं फील्ड वाचायला गेला. दुसरी ओळ आरआयपीची, म्हणजे प्रोसेसर कोडमध्ये कुठे होता त्याची, तिथे फंक्शनचं नाव आणि त्यापुढे 0x1a/0x40 असं काहीतरी, म्हणजे 0x40 बाइटच्या फंक्शनमध्ये 0x1a वर गाडी अडकली. एवढं मिळालं तरी निम्मं काम होतं, कुठल्या ड्रायव्हरच्या मागे लागायचं ते समजतं. बाकी रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतले आकडे) वगैरे नंतर निवांत बघता येतात. म्हणून मला वाटतं की पॅनिकच्या अगदी शेवटी या दोन ओळी परत छापाव्यात, जागा कितीशी लागणारे?

सुधारणा होतच नाहीत असं नाही हां. पूर्वी नुसते पत्ते छापले जायचे, ते उतरवून घेऊन केसिमऊप्स नावाच्या टूलने त्यांची नावं काढावी लागायची, 2.6 आवृत्तीपासून कर्नल स्वतःच नावं छापायला लागला. 2016 च्या शेवटी एक्स86 (इंटेल-एएमडीचे नेहमीचे प्रोसेसर) वरचा स्टॅकचा, म्हणजे फंक्शन कॉलची नोंद राहते त्या मेमरीचा, कच्चा डंप काढून टाकला, मला हे फार आवडलं, कारण त्या आकड्यांनी जागा खाल्ली की कामाचं वर ढकललं जातं. कॉल ट्रेसमध्ये, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्या यादीत, ज्या नावाआधी प्रश्नचिन्ह असतं ते भरवशाचं नसतं, स्टॅकवर राहिलेला जुना कचराही असू शकतो, हे नव्या पोरांना आवर्जून सांगतो.

मग 2024 मध्ये कर्नल 6.10 ला डीआरएम पॅनिक आलं, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरमधून पॅनिकचा संदेश स्क्रीनवर दाखवायची सोय. त्याआधी डेस्कटॉप चालू असताना पॅनिक झालं तर स्क्रीन नुसती गोठायची, काहीच दिसायचं नाही, त्यामुळे ही मोठीच गोष्ट आहे. पण त्याची साधी स्क्रीन 'प्लीज रीबूट युअर कम्प्युटर' एवढंच म्हणते आणि पोरगा बिचारा इमानदारीने रीबूट करतो, पुरावा गेला! 6.12 मध्ये क्यूआर कोडही आला, लॉग दाबून त्यात भरतात, डोकं छान लावलंय, पण पत्र्याच्या शेडमध्ये स्क्रीनवर उन्हाची चमक, त्यात व्हॉट्सअप फोटो अजून दाबणार, एवढा दाट कोड त्यातून वाचला जाईल याचा मला भरवसा वाटत नाही. अक्षरं निदान डोळ्यांनी तरी लागतात. म्हणून डेस्कटॉप असलेल्या मशीनवर मी डीआरएम पॅनिकची केएमएसजी स्क्रीन लावतो, त्यात लॉगच दिसतो.

नुसत्या कन्सोलवाल्या मशीनवर बूट पॅरामीटरमध्ये पॉज_ऑन_ऊप्स=120 टाका, पहिला ऊप्स (कर्नल छापतो तो क्रॅशचा मजकूर) छापून झाला की सगळे सीपीयू तेवढे सेकंद थांबतात, म्हणजे पुढच्या ऊप्सची रांग येऊन पहिला वर जायच्या आत फोटो निघतो. आणि पॅनिक=10 कोणी घालून ठेवलं असेल तर काढा, दहा सेकंदात रीबूट झालं तर पोरगा खिशातून मोबाईल काढेपर्यंत सगळं साफ.