अपूर्णांक सुरू, अपूर्णांक संपला

आमच्या विद्यापीठात प्राध्यापकांनी आपापल्या शिकवण्याच्या पद्धती एकमेकांना सांगायच्या, असा एक उपक्रम चालतो आणि तो माझ्याकडे आहे. बाहेरच्यांना वाटतं, शिक्षक एकमेकांच्या तासाला जाऊन बसत असतील. तसं जवळजवळ कधीच होत नाही. वर्षानुवर्षं शेजारच्या वर्गात शिकवणारा माणूस फळ्यासमोर नेमकं काय करतो, हे आम्हाला ठाऊक नसतं. बैठकीला येतात त्या स्लाइड्स. 'सर्वसमावेशक अध्यापन' असं शीर्षक असतं. मग २०१४ सालचा तो प्रसिद्ध आढावा येतो: २२५ अभ्यास, नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. आकडे खरे आहेत, मोलाचे आहेत. पण त्या स्लाइडमुळे कुणी दुसऱ्या दिवशीच्या तासाला वेगळं वागलं, असं मी पाहिलेलं नाही.

म्हणून मी स्लाइड्स मागवणं थांबवलं आणि तासांना जाऊन बसायला लागलो. संख्याशास्त्राच्या एका मॅडमच्या तासाला गेलो ते असंच. पहिल्या वर्षाचा भरलेला वर्ग, आणि त्यात एक अंध विद्यार्थी. तो ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे उमटणारे ठिपके बोटांनी वाचता येणाऱ्या उपकरणावर, टिपणं घेत होता. मॅडम फळ्यावर प्रमाण विचलनाचं, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते सांगणारं, सूत्र लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता बोलत होत्या: "मूळ सुरू. अपूर्णांक सुरू. वर समेशन, कंस सुरू, एक्स आय वजा एक्स बार, कंस संपला, कंसाचा वर्ग. खाली एन वजा एक. अपूर्णांक संपला. मूळ संपलं."

आवाजात कुठेही 'हे कुणासाठी तरी जास्तीचं करतेय' असा सूर नव्हता. एकदाही त्यांनी त्या मुलाकडे पाहिलं नाही.

मी मात्र बाकीच्या वर्गाकडे पाहत होतो. या सूत्रात मुलं हमखास एका ठिकाणी अडखळतात. फरकांचा वर्ग करून बेरीज घ्यायची असते. ते बेरीज आधी घेतात आणि मग वर्ग करतात. सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज नेहमी शून्यच येते, त्यामुळे सगळं गणित शून्यावर येऊन बसतं आणि आपलं काय चुकलं ते कळत नाही. इथे 'कंस संपला, कंसाचा वर्ग' हे कानावर पडत होतं. माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी ओठांतल्या ओठांत तेच पुटपुटत सूत्र लिहीत होती. तिला डोळ्यांची काही अडचण नव्हती.

तास संपल्यावर मी मॅडमना म्हटलं, हे बैठकीत सांगा. त्या म्हणाल्या, "यात सांगण्यासारखं काय आहे सर? मी फक्त लिहिते ते बोलते." चांगले शिक्षक हे असंच उत्तर देतात आणि तिथेच आमचा उपक्रम अडतो. ज्यांना बरंच काही येतं, त्यांना ते येतं याचा पत्ता नसतो. आणि ज्यांच्याकडे सांगायला तयार मजकूर असतो, त्यांच्या तासाला जावं तर काही दिसत नाही. खरं तर मॅडमच्या बोलण्याला मोठी परंपरा आहे. १९५२ साली गणितासाठी ब्रेल संकेतपद्धती देणारे अब्राहम नेमेथ स्वतः जन्मांध होते. आपल्याला गणित वाचून दाखवणाऱ्यांनी ते कसं वाचावं, याचेही नियम त्यांनी बसवले होते, आणि त्यांत अपूर्णांकाची सुरुवात आणि शेवट असाच उच्चारून सांगायचा असतो. मॅडमनी हे कुठे वाचलं नव्हतं. त्या मुलाने सत्राच्या सुरुवातीला दोन गोष्टी सांगितल्या, त्यावरून त्यांनी ते स्वतः घडवलं. पहिली गोष्ट: "'हे इकडे गेलं, ते तिकडे आलं' असं म्हणू नका, मला काही कळत नाही." दुसरी: "मॅडम, माझ्याकडे बघून बोलू नका. सगळ्यांशी बोला, मी ऐकतो."

बैठकीला त्या मुलाला मी मुद्दाम बोलावलं नाही. एखाद्या विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्या अडचणींवर प्राध्यापकांनी चर्चा करायची, हा प्रकार मला अजिबात पटत नाही आणि तो फार ठिकाणी होतो.

बैठकीत मॅडम पाच मिनिटं बोलल्या. लगेच गणिताच्या ज्येष्ठ सरांनी विचारलं, "माझ्या वर्गात अंध विद्यार्थी नाही. मग मला याचा उपयोग काय?" हा प्रश्न दर बैठकीला, दर विषयावर येतो. कमी ऐकू येणाऱ्या मुलांबद्दल बोला, मंद गतीने वाचणाऱ्या मुलांबद्दल बोला, कुणीतरी म्हणतंच, 'माझ्याकडे तसं कुणी नाही.'

मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. "सगळ्यांनी कागद घ्या," म्हणाल्या. फळ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि आपण सगळे वर्गात बोलतो त्या चालीत म्हणाल्या, "वन अपॉन वन प्लस एक्स स्क्वेअर. लिहा. आता एक्सच्या जागी दोन घाला आणि उत्तर सांगा."

पहिलं उत्तर आलं एक पंचमांश. मागून कुणीतरी म्हणालं, पाच. तिसरं एक नवमांश. भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्याने नऊ म्हटलं. चारही जण आपापल्या जागी बरोबर होते, कारण अपूर्णांक कुठे संपतो आणि वर्ग कशाचा घ्यायचा, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. खोलीत बसलेला प्रत्येक जण डॉक्टरेट मिळवलेला. मग मॅडम पुन्हा बोलल्या: "अपूर्णांक सुरू. वर एक. खाली एक अधिक एक्सचा वर्ग. अपूर्णांक संपला." सगळीकडून एक पंचमांश आलं.

ज्येष्ठ सर थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. म्हणाले, "मूळ असेल तर कसं बोलता ते परत एकदा सांगा." आणि लिहून घेतलं.

त्या दिवसापासून मी हे माझ्या विषयात करून पाहतोय. मी सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवतो. अभिक्रिया कशी घडते हे दाखवायला आम्ही बाकदार बाण काढतो. बाण इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा प्रवास दाखवतो. तो जोडीपासून किंवा बंधापासून निघाला पाहिजे. मुलं तो प्रोटॉनपासून काढतात, कारण प्रोटॉन कुठे जाऊन चिकटला ते त्यांना ठाऊक असतं. फळ्यावर दोन्ही बाण जवळजवळ सारखे दिसतात. पण मी नियम केला: बाण काढताना तो कुठून निघाला आणि कुठे पोचला, हे बोलायचं. "ऑक्सिजनवरच्या एकाकी जोडीपासून (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीपासून) निघाला, प्रोटॉनपाशी पोचला." जो उलटा बाण काढणार, त्याला "प्रोटॉनपासून निघाला" असं म्हणावं लागतं. प्रोटॉनकडे द्यायला इलेक्ट्रॉनच नाहीत, हे वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचं त्यालाच उमगतं. कोपऱ्यात बसणारा, कधी न बोलणारा एक मुलगा "थांबा, उलटं झालं" असं म्हणून स्वतःहून खडू परत हातात घेतो, हे मी पाहिलं. मला या गोष्टीचा मनापासून अभिमान आहे.

या बाणांचा इतिहास मी आता पहिल्याच तासाला सांगतो. १९२२ साली करमॅक आणि रॉबिन्सन या रसायनशास्त्रज्ञांनी एका शोधनिबंधात ते वापरले, तिथपासून त्यांची सुरुवात मानतात. दोनच वर्षांनी प्रयोगशाळेतल्या स्फोटात करमॅक यांची दृष्टी कायमची गेली. वय सव्वीस. त्यानंतर, १९२७ साली, त्यांनी मॅकेंड्रिक यांच्याबरोबर साथरोगाच्या फैलावाचं गणिती प्रारूप मांडलं. कोविडच्या काळात जगभर वापरली गेलेली कितीतरी प्रारूपं त्याच कुळातली. ती समीकरणं करमॅक यांनी कुणाला तरी तोंडी सांगितली असणार आणि कुणीतरी त्यांना ती वाचून दाखवली असणार. मुलं हे ऐकताना फळ्याकडे बघायची थांबतात.

दोन महिन्यांनी मी पुन्हा तासांना जाऊन बसलो. ज्येष्ठ सर आता प्रत्येक सूत्र बोलून लिहितात, आणि त्यांच्या वर्गात आजही अंध विद्यार्थी नाही. आमच्यातला समावेशनावर सगळ्यात जास्त बोलणारा, लेख लिहिणारा तरुण सहकारी मात्र तिसऱ्या आठवड्यातच थांबला होता. "वेळ जातो," म्हणाला. मला त्याचा राग आला आणि अजून गेलेला नाही. त्याच्या तासाला मी पानाच्या कडेला 'हे', 'ते', 'इथे', 'तिथे' यांच्या खुणा करत होतो; दहा मिनिटांत कड भरली.

आता वरून विचारणा झाली आहे की याचं परिपत्रक काढू या. सोबत एक तपासयादी: 'फळ्यावरील मजकूर उच्चारला: होय / नाही.' प्रत्येक शिक्षकाने महिन्याला भरून द्यायची. हेतू चांगला आहे हे मी मान्य करतो. परिपत्रक न काढावं तर ही गोष्ट पाच-सहा जणांपुरतीच राहील, आणि पुढच्या वर्षी तो मुलगा ज्यांच्या तासाला बसेल, ते त्यांच्यातले असतीलच असं नाही. त्याने दर सत्राला प्रत्येक शिक्षकाला पहिल्यापासून समजावत बसावं का? पण तपासयादी निघाली की 'होय'वर खूण करणं सगळ्यांना जमेल, त्या तरुण सहकाऱ्यालाही. ज्येष्ठ सर बदलले ते सगळ्यांसमोर एकाच वाक्याची चार उत्तरं आली म्हणून. ते परिपत्रकात कसं लिहायचं, मला सुचत नाही.

तूर्तास मी उत्तरादाखल एवढंच कळवलं आहे की प्रत्येक विभागातून एकाला दुसऱ्या विभागाच्या तासाला फळ्याकडे पाठ फिरवून बसवा, आणि नुसतं ऐकून काय लिहिता आलं ते त्या शिक्षकाला दाखवा. त्यावर अजून होकार आलेला नाही. दरम्यान अर्थशास्त्राच्या सरांनी आपणहून तास खुला केला. 'मागणीचा वक्र उजवीकडे सरकला' याऐवजी ते आता 'प्रत्येक किमतीला आधीपेक्षा जास्त मागणी' असं म्हणतात, आणि वक्रावरून सरकणं (किंमत बदलली म्हणून मागणी बदलणं) आणि आख्खा वक्र सरकणं यांतला मुलांचा गोंधळ कमी झाल्याचं सांगतात. मागणी आणि पुरवठा दोन्ही एकदम सरकले की तोंडी काय म्हणायचं, यावर त्यांचं आणि संख्याशास्त्राच्या मॅडमचं अजून एकमत होत नाही. पुढच्या बैठकीला दोघं आपापली वाक्यं घेऊन येणार आहेत. कागद मी वाटणार आहे.