सातवा आठवडा आणि कमरेतली चमक

पिग्मी एजंटानं आणलेली नाण्यांची पिशवी काउंटरखालून उचलायला वाकले आणि कमरेत चमक भरली. पिशवी तिथंच सोडून टेबलाला धरून उभी राहिले. एरवी बाम चोळून गप्प बसले असते, पण पोटात सातवा आठवडा चालू होता. घरातली तिघं सोडली तर ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती.

गेल्या वर्षी नवव्या आठवड्यात एक गेलं. तेव्हा सगळ्या गल्लीला आनंदानं सांगून बसलो होतो, आणि नंतर एकेकाला उलटं सांगत फिरायची पाळी आली. म्हणून यंदा आत्याबाईंचा हुकूम होता, तीन महिने तोंड उघडायचं नाही.

मी खानापूरची, नोकरी बेळगावात शहापूरला, एका पतसंस्थेत. जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. आधार दाखवलं की शून्याचं तिकीट मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळणं म्हणजे लॉटरी. वरचा दांडा धरून उभ्यानं जायचं, आणि प्रत्येक गतिरोधकाला कमरेतून कळ पार टाचेपर्यंत.

आत्याबाई म्हणाल्या, "मागच्या गल्लीतली मावशी पायाळू हाय की, पायाकडनं जन्मलेली. तिनं तीनदा पाय लावला की चमक पळतीया बघ."

मला हसू आलं. शिकलेली बाई मी, पाय कसला लावून घेते! त्यापेक्षा ह्यांनी मोबाईलवर दाखवलेलं रील पटलं. पालथा झोपलेला माणूस, पाठीवर दोन हात, टक् असा आवाज, आणि माणूस हसत उठतो. खाली लिहिलेलं, कायरोप्रॅक्टिक. शनिवारी अर्धा दिवस रजा टाकून आम्ही तसल्याच एका क्लिनिकात गेलो.

तिथं फॉर्म भरायला दिला. नाव, वय, वजन, मोबाईल, शुगर, बीपी. शेवटी एक चौकोन, उपचाराचा व्हिडिओ काढायला हरकत आहे का? शेवटची पाळी कधी आली हा प्रश्न कुठंच नव्हता. आणि मीही सांगितलं नाही, हे कबूल करते. बाकावर चार अनोळखी माणसं बसलेली, काउंटरवरची मुलगी मोठ्यानं बोलणारी. ओठापर्यंत आलेलं गिळलं. आत अंगठ्यानं मणके दाबून बघितले, खालचे दोन सरकलेत म्हणून सांगितलं, आणि चिठ्ठी हातात दिली. आधी कमरेचा एक्सरे काढून आणा, आजच पहिली अ‍ॅडजस्टमेंट देऊ, दहा सीटिंगचं पॅकेज स्वस्त पडेल.

एक्सरेच्या खोलीबाहेर कन्नडमध्ये पाटी होती. माझं कन्नड बसच्या पाट्या वाचण्यापुरतं. अक्षर जुळवत बसले, ग, र्भि, णि... गर्भिणियरु. तेवढ्यात आतला पोरगा बाहेर आला आणि सरळ विचारलं, "अक्का, प्रेग्नंट अदीरेनरी?"

चार दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. मी मान हलवली. त्यानं चिठ्ठी परत दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तिथून क्लिनिकात परत गेलोच नाही. गेल्या वेळच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. मॅडमनी कमरेला हातही लावला नाही आधी. रक्त दिसलं का? पोटात एकाच बाजूला दुखतं का? खांद्याच्या टोकाला? लघवीला जळजळ, ताप? पायात बधिरपणा, लघवीवरचा ताबा गेल्यासारखं? मला वाटलं, मी कमरेसाठी आले आणि ह्या सगळं दुसरंच विचारतायत. मग त्यांनी सांगितलं, शंभरात एक-दोघींचा गर्भ पिशवीबाहेर, बहुतेक वेळा नळीत राहतो. त्याचं दुखणं कधी कधी असंच गोंधळात टाकतं, आणि अशा वेळी पाठीला मालीश नाहीतर झटके देत बसलं तर मोलाचा वेळ जातो. लघवी तपासली, स्वच्छ निघाली. सोनोग्राफीला लिंगनिदानबंदीच्या कायद्याचा फॉर्म, सही, सगळे सोपस्कार झाले. गर्भ पिशवीतच होता. पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी आणि त्यात लुकलुकणारा ठिपका. ह्यांनी माझा हात इतका दाबला की कमर विसरले.

मग मी क्लिनिकाचं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं, ओरडल्या नाहीत. पाठीवरच्या अ‍ॅडजस्टमेंटनं गर्भ पडतो असा पुरावा नाही, म्हणाल्या. पण पहिल्या तीन महिन्यांतल्या बायकांवर नीट मोठे अभ्यासही झालेले नाहीत, त्यामुळे अगदी सुरक्षित आहे असंही छातीठोक म्हणता येत नाही. ह्या दिवसांत रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक वाढतं, सांध्यांचे बंध सैल पडतात, तिथं जोराचा झटका कशाला? आणि मान तर कुणालाच मोडू देऊ नकोस. मानेच्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी चिरल्याच्या घटना नोंदल्या गेल्यात. क्वचित होतं, पण झालं तर भारी पडतं.

एक्सरेचंही विचारलं. कमरेच्या एका एक्सरेचा डोस 50 मिलिग्रेच्या (मिलिग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) खूपच खाली असतो, आणि त्या मर्यादेखाली गर्भाला अपाय वाढल्याचं दिसलेलं नाही. चुकून निघाला असता तरी घाबरायचं कारण नव्हतं, फक्त गरज नसताना काढायचा नाही. पर्समधल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या मात्र काढून घेतल्या. फार दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही विचारून.

मागच्या वेळचं मी स्वतःहून विचारलं नव्हतं. त्याच बोलल्या. कळलेल्या गर्भांपैकी शंभरात दहा ते वीस असेच गळतात, आणि सुरुवातीला गळणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतच दोष असतो. वर्षभर आत्याबाई माझ्या स्कूटरला दोष देत होत्या आणि मी मनातल्या मनात त्यांना साथ देत होते. परतताना बसमध्ये एकच विचार डोक्यात होता. शनिवारी टक् झालं असतं आणि पुढं आपोआपच काही बिघडलं असतं, तर जन्मभर मी त्या आवाजावरच बोट ठेवलं असतं.

कायरोप्रॅक्टिकला सरसकट नावं ठेवायची नाहीत मला. 1895 मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी ती सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेनं 2005 मध्ये पूर्ण शिक्षणासाठी किमान 4200 तास सुचवले, त्यातले 1000 तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर. जाऊबाईंची बहीण ऑस्ट्रेलियात आहे, तिकडे सरकारी नोंदणीशिवाय कुणी कायरोप्रॅक्टर म्हणवून घेऊ शकत नाही. गरोदर असताना तीही कायरोप्रॅक्टरकडे जायची. पहिला प्रश्न कितवा आठवडा हा, मग कुशीवर झोपवून हलक्या हातानं उपचार, झटका नाहीच. आपल्याकडे त्यांची वेगळी सरकारी परिषद नाही. कोण 4200 तास शिकलाय आणि कोण रील बघून, हे पाटीवरून कसं कळणार?

मला मॅडमनी फिजिओथेरपीला पाठवलं. तिथं टक्-टुक काही नाही, म्हणून सुरुवातीला थोडं फसल्यासारखंच वाटलं. गुडघ्यांत उशी घेऊन कुशीवर झोपायचं. रांगत्या अवस्थेत पाठ मांजरासारखी वर घ्यायची, मग सैल सोडायची. काउंटरखाली पायाला लाकडी पाट. नाण्यांची पिशवी दुसऱ्यानं उचलायची. साहेबांना तेवढं सांगावं लागलं, त्यांनी संचालकांच्या खोलीतली पाठीची खुर्ची गुपचूप आणून दिली. तीन आठवड्यांत कळ टाचेवरून मांडीपर्यंत आली आणि मग थांबली.

तिसरा महिना सरल्यावर आशाताईंनी तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या नोंदीचं सरकारी कार्ड, घरी आणून दिलं आणि गल्लीला कळलं. पायाळू मावशी कुंदा, आमच्याकडची दुधाची मिठाई, घेऊन आल्या. आत्याबाईंनी हसत हसत सगळी हकीकत सांगितली, तुम्हालाच बोलावणार होते म्हणून.

मावशी म्हणाल्या, "बोलावलीस तरी मी पाय लावले नसते गं. लग्न झालेल्या पोरीला आधी इचारतो आम्ही, पाळी कवा आली ते."

आत्याबाई चहा टाकायला आत गेल्या. मी कुंद्याचा डबा उघडला.